कोळशाची शेगडी : वाऱ्याला घातलेला लगाम

अलीकडे शहरांतल्या दुकानांत आणि कृषी पर्यटनाच्या शेतमळ्यांवर एक नव्या ढंगाची शेगडी दिसू लागली आहे. पोट गोल, वर घुमटासारखे झाकण, मध्ये लोखंडी जाळी, खाली तीन पाय, आणि झाकणाला व बुडाला भोके असलेल्या फिरत्या चकत्या. कोणी तिला ‘ग्रिल’ म्हणते, कोणी ‘बार्बेक्यू’. घेणारा मोठ्या हौसेने ती घरी आणतो, पहिल्याच दिवशी तिच्यात पिशवीभर कोळसा ओततो, वरून रॉकेल शिंपडतो आणि काडी लावतो. भडका उडतो, वांगी बाहेरून काळी पडतात, आत कच्चीच राहतात, सगळ्याला रॉकेलचा वास येतो. मग दोष येतो शेगडीवर.

दोष शेगडीचा नसतो. ती काय आहे हेच आपण ओळखलेले नसते. आपण समजतो की शेगडी म्हणजे विस्तव ठेवायचे भांडे. खरे पाहता ती वारा आवरायचे भांडे आहे. विस्तव काय, जमिनीवरही पेटतो. त्याला भांडे कशाला हवे? पण त्याला किती वारा द्यायचा, कुठून द्यायचा आणि केव्हा तोडायचा, हे ठरवायला माणसाला शेकडो वर्षे लागली. या नव्या शेगडीचा एकेक भाग म्हणजे त्या शिक्षणातला एकेक धडा आहे. तेव्हा आज आपण ती भागाभागाने पाहू. कोणता भाग कुठून आला हे कळले, म्हणजे विकत घेताना काय पारखावे आणि पहिल्यांदा पेटवताना काय करावे, हेही आपोआप कळेल.

जाळी

प्रथम जाळी. ‘बार्बेक्यू’ हा शब्द इंग्रजांचा नाही, स्पॅनिश लोकांचाही नाही. १४९२ साली कोलंबस ज्या कॅरिबियन बेटांना लागला, तिथल्या टाइनो लोकांच्या बोलीतला हा शब्द. हिरव्या लाकडांच्या काठ्यांचा माच जमिनीपासून उंच उभारायचा, खाली मंद विस्तव ठेवायचा आणि वर मासे किंवा मांस हळूहळू भाजायचे, ही त्यांची रीत. अशा माचाला ‘बार्बाकोआ’ म्हणत. गोन्सालो फर्नांदेस दे ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकाराने १५२६ साली तो शब्द लिहून ठेवला आणि तिथून तो युरोपच्या भाषांत शिरला. टाइनो समाज पुढच्या काही दशकांतच परकीयांच्या जुलमाने आणि रोगराईने जवळजवळ उद्ध्वस्त झाला. त्यांचा शब्द मात्र आज जगभर दुकानांच्या पाट्यांवर आहे. इतिहासात असे पुष्कळदा घडते; माणसे जातात आणि त्यांची भांडी व शब्द मागे राहतात.

त्या माचाचा धडा एकच आहे : अन्न आणि विस्तव यांच्यात अंतर हवे. हे आपल्याकडे कोणाला नव्याने सांगायला नको. खानदेशात भरताची वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात तेव्हा ती सारखी फिरवावी लागतात, कारण जाळ भडक असतो. हुरड्याची कणसे आगटीत गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात, तिथे जाळ नको असतो, धग हवी असते. मुंबईच्या समुद्रकाठचा मक्याची कणसे विकणारा एका हाताने विंझणा हलवतो आणि दुसऱ्या हाताने कणीस फिरवतो. जाळी नसेल तिथे माणसाच्या हातालाच जाळीचे काम करावे लागते.

म्हणून शेगडी घेताना आधी जाळी पाहा. सळया जाड असाव्यात. बारीक तारेची जाळी दोन दिवसांत वाकते. ती वर-खाली करता आली तर फारच उत्तम. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. जस्ताचा मुलामा दिलेली चकचकीत जाळी अन्नासाठी वापरू नये. भर तापल्यावर जस्ताची वाफ सुटते आणि ती शरीराला अपायकारक असते.

कोळसा

आता कोळसा. मराठीत आपण लाकडाच्या कोळशाला ‘लोणारी कोळसा’ म्हणतो, खाणीतल्या कोळशाला ‘दगडी कोळसा’. लोणारी ही जात मिठाच्या, चुन्याच्या आणि कोळशाच्या धंद्यातली. ‘लोण’ म्हणजे मीठ. धंदा बदलला, पण कोळशाला त्यांचे नाव कायमचे चिकटले.

हा कोळसा होतो कसा? लाकडे रचून ढीग करतात, वर पालापाचोळा आणि माती लिंपतात, एका बाजूने विस्तव घालतात आणि मोजकी भोके सोडून बाकी वारा कोंडतात. आतले लाकूड जळत नाही, ते तापते. आधी पाणी जाते, मग जळाऊ वायू आणि डांबरासारखे द्रव निघून जातात, आणि मागे राहतो तो मुख्यतः कार्बन. भट्टीवाला रात्रंदिवस जागतो तो याचसाठी. कुठे माती खचून भोक पडले की वारा आत शिरतो, आणि सगळ्या मेहनतीची राख होते. म्हणजे पाहा, कोळसा जन्माला येतो तोच वारा कोंडण्यातून.

लाकूड जळते तेव्हा जी ज्योत दिसते ती लाकडातून निघणाऱ्या वायूंची असते. कोळशातून ते वायू आधीच निघून गेलेले असतात. म्हणून कोळसा ज्योतीशिवाय आणि धुराशिवाय, नुसता लाल होऊन जळतो, आणि त्याची धग लाकडाहून तीव्र असते. या गुणामुळेच दगडातून लोखंड काढायला जुन्या काळी सगळीकडे हाच कोळसा लागे. आपल्या सह्याद्रीत महाबळेश्वरच्या बाजूला धावड लोक लोणारी कोळशावर लोखंड गाळीत. एकोणिसाव्या शतकात सरपण महाग झाले, परदेशी लोखंड स्वस्तात येऊ लागले, आणि तो धंदा बसला.

शिक्षक मित्रांनो, इथे मुलांना एक हिशेब घालता येईल. मातीच्या साध्या भट्टीत १०० किलो सुक्या लाकडातून सुमारे १५ किलो कोळसा मिळतो असे धरू. एक किलो लाकडाची उष्णता सुमारे ३,५०० किलोकॅलरी आणि एक किलो कोळशाची सुमारे ७,०००. म्हणजे लाकडात होती ३,५०,००० आणि कोळशात उरली १,०५,०००. दहा आण्यांतले सात आणे भट्टीतच उडून गेले! बिनधुराच्या विस्तवासाठी आपण केवढी किंमत मोजतो, ते या आकड्यांवरून कळेल.

आणि ही किंमत केवळ झाडांचीच नाही. आपल्या राज्यात कोळशाच्या भट्ट्यांवर राबणाऱ्यांत रायगड-ठाण्याकडचे कातकरी पुष्कळ आहेत. पावसाळ्यात हाताला काम नसते, घरात दाणा नसतो. तेव्हा ठेकेदाराकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर बायकामुलांसह परमुलखी भट्टीवर जायचे, हा क्रम. उचल फिटली की नाही याचा हिशेब ठेकेदाराच्याच वहीत. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली बंद झाली, तरी या धंद्यातून तिची प्रकरणे त्यानंतरही उजेडात येत राहिली. आणि आई-बापांबरोबर गेलेल्या मुलांची शाळा सुटते ती सुटतेच. हजेरीपटावर दिवाळीनंतर कोरी पडणारी ती नावे ज्या गुरुजींनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. कोळशाची पिशवी उचलताना एवढी आठवण आपण ठेवली पाहिजे.

कोळशाची वडी

नव्या शेगडीबरोबर पुष्कळदा कोळशाच्या एकसारख्या, उशीच्या आकाराच्या वड्या मिळतात. त्यांची कथा मौजेची आहे आणि ती मोटारगाडीशी जोडलेली आहे.

कोळशाच्या चुऱ्याची वडी करण्याची कल्पना जुनी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील एल्सवर्थ झ्वॉयर यांनी १८९७ साली अशा वडीचे पेटंट घेतले होते. पण ती घरोघर गेली ती हेन्री फोर्ड यांच्यामुळे. त्यांच्या ‘मॉडेल टी’ गाडीत लाकूड बरेच लागे. सांगाडा, तळफळ्या, चाकांचे आरे, सगळे लाकडी. दुसऱ्याकडून लाकूड घेण्यापेक्षा स्वतःचेच रान असावे, असे फोर्ड यांच्या मनाने घेतले. मिशिगन राज्यात आयर्न माउंटन गावाजवळ त्यांनी तीन लाख एकरांहून अधिक जंगल खरेदी केले. या व्यवहारात त्यांना मदत केली एडवर्ड किंग्सफर्ड यांनी. ते फोर्ड यांच्या नात्यातल्या बहिणीचे यजमान.

लाकूड कापण्याची गिरणी उभी राहिली. आणि कापले की भुसा, ढलप्या, बुंधे यांचे डोंगर साचू लागले. फोर्ड यांना वाया जाणारी वस्तू सहन होत नसे. ओरेगन विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक ओरिन स्टॅफर्ड यांनी टाकाऊ लाकडाचा कोळसा करून, तो कुटून, स्टार्चच्या खळीत मळून वड्या पाडण्याची रीत काढली होती. १९२० च्या दशकात फोर्ड यांनी गिरणीशेजारी त्या रीतीचा कारखाना घातला. मग वड्या विकायच्या कुठे? मोटारी विकणाऱ्या दुकानांतच! गाडी घेणारा माणूस सुट्टीत रानात जाणार, तिथे स्वयंपाक करणार, हा त्यामागचा हिशेब. १९३० च्या दशकात तर कोळसा आणि घडीची लहान शेगडी एकत्र बांधून त्या दुकानांतून विकायला ठेवली जाई. १९५१ साली हा कारखाना दुसऱ्यांच्या हाती गेला आणि कोळशाला किंग्सफर्ड यांचे नाव मिळाले. आजही अमेरिकेत तो त्याच नावाने खपतो.

फोर्ड यांच्या या गोष्टीत आपल्याला घेण्यासारखे काय, तर वायाचा उपयोग. आपल्याकडेही नारळाच्या करवंट्यांचा आणि शेतातल्या काडीकचऱ्याचा कोळसा करून त्याच्या वड्या पाडतात. झाड न तोडता मिळालेला असा कोळसा असेल तर तो आधी घ्यावा. वडी सावकाश पेटते, पण सारखी धग देते आणि अधिक वेळ टिकते. बाभळीसारख्या कठीण लाकडाचा ओबडधोबड कोळसा लवकर पेटतो आणि तीव्र जळतो. कोळसा घेताना दोन तुकडे एकमेकांवर वाजवून पाहा : खणखणीत वाजला तर पक्का, ठसठस वाजला तर ओला किंवा अर्धकच्चा. अर्धकच्चा कोळसा धूर करतो.

भोके आणि झाकण

आता आपण मुख्य गोष्टीकडे आलो. शेगडीच्या बुडाला भोके असतात हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. राखेने ती बुजली की ती चिमट्याने खालून टोचून मोकळी करी. का, ते शास्त्राने सांगितले १७७० च्या दशकात. प्रीस्टली आणि लाव्हाझिए यांच्या प्रयोगांतून कळले की जळणे म्हणजे हवेतल्या प्राणवायूशी संयोग होणे. वारा नाही तर विस्तव नाही.

वर्गात हा प्रयोग दोन मिनिटांत दाखवता येतो. टेबलावर मेणबत्तीचा लहान तुकडा लावा आणि त्यावर कंदिलाची काच टेकवून ठेवा. वरून काच उघडी असूनही ज्योत फडफडते आणि विझू लागते. आता काच दोन पेन्सिलींवर थोडी उचलून ठेवा. ज्योत सरळ, शांत जळते. तापलेली हवा वरून जाते म्हणून थंड हवा खालून येते. नुसते वरचे तोंड पुरत नाही, नुसते खालचेही पुरत नाही. वाट दोन्ही बाजूंनी हवी.

हाच धडा अमेरिकेत एका गृहस्थाला १९५२ साली शिकावा लागला. त्यांचे नाव जॉर्ज स्टीफन. शिकागोतल्या एका पत्र्याच्या कारखान्यात ते काम करीत. तिथे मिशिगन सरोवरात बोटींना इशारा देणारे पोकळ लोखंडी तरंगगोल घडवले जात. त्या काळच्या उघड्या शेगडीने स्टीफन वैतागले होते. वारा आला की राख उडून अन्नावर, पाऊस आला की विस्तव विझला, आणि मध्येच चरबी ठिबकून भडका. त्यांनी तो गोल मधोमध कापला. खालच्या अर्ध्याला तीन पाय लावले, वरच्या अर्ध्याला मूठ लावली, आणि झाकण तयार झाले. पण झाकण घालताच विस्तव विझू लागला! तेव्हा शेजाऱ्याने सुचवले की झाकणाला भोके पाड, असे सांगतात. भोके पाडली आणि विस्तव जगला. मग त्या भोकांवर फिरती चकती बसली. हवी तेवढी उघडा, हवी तेवढी मिटा.

झाकणाने तीन गोष्टी साधल्या. उष्णता घुमटावर आपटून खाली परत येते, त्यामुळे अन्न वरूनही शिजते. वारा मोजून मिळतो, त्यामुळे भडका उडत नाही. आणि स्वयंपाक झाल्यावर दोन्ही चकत्या मिटल्या की विस्तव गुदमरून विझतो आणि उरलेला कोळसा उद्याला कामी येतो. कोळसाभट्टीवाला मातीने जे करीत होता, तेच स्टीफन यांनी पत्र्याने केले.

मातीचे अस्तर

झाकणाने वरून निसटणारी उष्णता आवरली. पण पत्र्याची शेगडी बाजूंनीही उष्णता सांडते. तिच्याजवळ बसणाऱ्याचे गुडघे भाजतात, ती धग अन्नाची चोरी करूनच आलेली असते. यावरचा उपाय शोधण्याची निकड अमेरिकेतल्या सुट्टीच्या जेवणाला नव्हती. ती होती जिथे रोजचीच चूल कोळशाची आहे तिथे. म्हणून आता आपल्याला आफ्रिकेत, केनियात जायला हवे.

या कथेला हिंदुस्थानचा एक धागा आहे. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले. त्यांतले बहुतेक पंजाबकडचे. तिथल्या बाजारातली पत्र्याची कोळशाची शेगडी या मजुरांनीच तिकडे रुजवली, असे सांगतात. स्वाहिली भाषेत शेगडीला ‘जिको’ म्हणतात. नैरोबीसारखी शहरे वाढली, तसा लाखो घरांत जिको पेटू लागला आणि शहराभोवतीचे रान कोळशासाठी उजाड होऊ लागले.

१९८१ साली नैरोबीत नव्या आणि अक्षय ऊर्जासाधनांवर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. त्यानंतर केनियातल्या कारागिरांनी आणि तंत्रज्ञांनी थायलंडमधल्या मातीच्या बादलीसारख्या शेगडीचा अभ्यास करून नवा जिको घडवला. कंबर बारीक, वर आणि खाली रुंद, डमरूसारखा पत्रा. वरच्या अर्ध्यात भाजलेल्या मातीची भोके असलेली वाटी. एवढाच फरक. पण मातीमुळे धग आत राहिली, आणि कोळसा तिसऱ्या हिश्शाने ते निम्म्याने कमी लागू लागला. हे काम मोठ्या कारखान्यांनी केले नाही. उन्हात बसून जुने पत्रे ठोकणाऱ्या कारागिरांनी आणि कुंभारांनी केले. तिकडे अशा उघड्यावरच्या कारागिरीला ‘जुआ काली’ म्हणतात. अर्थ, ‘कडक ऊन’.

आपल्याकडच्या बायका पत्र्याच्या बादलीला आतून माती लिंपून शेगडी करीत, ती याच तत्त्वाने. त्यामागे पुस्तक नव्हते, पण अनुभव होता. तुमची शेगडी पातळ पत्र्याची असेल, तर बुडाला मातीचा किंवा विटेचा थर देता येतो. फक्त भोके बुजू देऊ नका.

घेताना आणि पेटवताना

आता सगळे एकत्र सांगतो. शेगडी घेताना पत्रा जाड आहे का, पाय डगमगत नाहीत ना, झाकण घट्ट बसते का, चकत्या हाताने सहज फिरतात का आणि राख काढायची सोय आहे का, हे पाहावे. झाकणाला अशी मूठ हवी की जी तापणार नाही. घरात चार माणसे असतील तर चार माणसांपुरतीच शेगडी घ्यावी; मोठ्या पोटाची शेगडी कोळसाही मोठ्या पोटाने खाते.

पहिल्या दिवशी तिच्यात काही शिजवू नये. नव्या पत्र्यावर कारखान्यातले तेल आणि रंगाचा उग्र वास असतो. रिकामी शेगडी अर्धा-पाऊण तास खडखडीत तापवावी, निववावी, जाळी घासून पुसून तेलाचा हात फिरवावा.

पेटवायला रॉकेल नको, पेट्रोल तर मुळीच नको. एखादा रिकामा पत्र्याचा डबा घ्यावा, दोन्ही तोंडे कापावीत, बुडाशी खिळ्याने भोके पाडावीत. खाली कागदाचे दोन बोळे, वर कोळसा. कागद पेटवला की डबा धुराड्यासारखा खालून वारा ओढतो, आणि वीस-पंचवीस मिनिटांत कोळशावर करड्या राखेची साय येते. तोपर्यंत अन्न जाळीवर ठेवू नये. घाई करणाऱ्याच्या वाट्याला धूर येतो.

पेटलेला कोळसा शेगडीत एका बाजूला ओतावा, दुसरी बाजू रिकामी ठेवावी. मासळी, कणीस कोळशावर. रताळी, अख्खी वांगी, कोंबडी आधी रिकाम्या बाजूला झाकणाखाली सावकाश शिजू द्यावी आणि शेवटी धगीवर घ्यावी. धग वाढवायची तर चकत्या उघडा, कमी करायची तर थोड्या मिटा. काम झाल्यावर पूर्ण मिटा. राखेवर भरवसा ठेवू नका. वरून थंड दिसली तरी आत निखारा दिवसभर जिवंत राहतो. ती लोखंडी बादलीतच काढावी आणि गवताच्या गंजीपासून दूर ठेवावी.

निखाऱ्याचा अदृश्य वायू

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोळसा धूर करत नाही म्हणून तो निर्धोक, असा आपल्याकडे जुना समज आहे. चाळीतल्या बायका शेगडी गॅलरीत पेटवून, धूर सरला की खोलीत आणीत. थंडीत उत्तरेकडे दारे-खिडक्या लावून अंगीठी उशाशी घेतात. आणि आपल्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवून, खोलीत वारा येऊ नये म्हणून फटीसुद्धा बुजवतात.

श्रोतेहो, धूर सरला म्हणजे धोका सरला असे नाही. निखाऱ्याला प्राणवायू पुरा मिळाला नाही की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. निखाऱ्यांवर कधीकधी निळसर ज्योत नाचताना दिसते, ती हाच वायू जळताना. जळला तर ठीक. न जळता खोलीत पसरला तर त्याला रंग नाही, वास नाही. फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ साली सांगितले की हा वायू रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो. तो रक्तद्रव्याला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. इंग्लंडमध्ये जॉन हाल्डेन यांनी १८९० च्या दशकात स्वतःवर प्रयोग करून त्याची लक्षणे नोंदवली. पुढे खाणकामगार कॅनरी पक्ष्याचा पिंजरा बरोबर नेऊ लागले, ते याच वायूसाठी. माणसाच्या आधी पक्षी कोसळे. ब्रिटनमधल्या खाणींत ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती.

डोके जड होते, मळमळते, गुंगी येते. माणसाला वाटते झोप येते आहे, आणि तो उठत नाही. दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या अंगीठीने घरेच्या घरे दगावल्याच्या बातम्या येतात. बाळंतीण आणि तान्हे मूल यांना तर हा वायू अधिकच घातक. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने द्यावा. खोलीत निखारा नको. आणि कोणाला अशी गुंगी आलेली दिसली तर आधी दार उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा, आणि पाणी शिंपडत न बसता दवाखाना गाठा. झाकणाची, चकत्यांची शेगडीसुद्धा अंगणातलीच आहे. पाऊस आला म्हणून ती ओसरीच्या आत, तंबूत किंवा मोटारीत घेऊ नये.

उघड्यावरचा विस्तवही सर्वस्वी निरुपद्रवी आहे असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर आणण्याचा आदेश दिला, तो शहराची हवा बिघडली म्हणून. एखाद्या घरची महिन्यातून एकदा पेटणारी शेगडी आणि रोज धुमसणाऱ्या शेकडो भट्ट्या यांत फरक आहे, हे खरे. पण हवा सगळ्यांचीच एक आहे.

तेव्हा हौसेने शेगडी घ्या. अंगणात पेटवा, गोतावळा जमवा, कणसे भाजा. मात्र कोळसा मोजून घाला, उरलेला विझवून ठेवा, आणि मुलांच्या हाती ती चकती एकदा द्या. ती उघडली की निखारा लाल होतो, मिटली की काळवंडतो, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. पुस्तकात प्राणवायूचे पान येईल तेव्हा त्यांना ते पाठ करावे लागणार नाही.